मला चोरही राहायचं होतं

पंजाब पेटला होता त्या वर्षांत आम्ही चंदीगडला होतो असं सांगितलं की लोक आवाज खाली आणतात आणि विचारतात, "मग तेव्हा तुम्ही काय करत होतात?" मी सांगते, खेळत होते. चोर होते मी, आणि चांगली चोर होते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला माझ्याकडून नाके, वाळूची पोती आणि बंदुका हव्या असतात. ते सगळं होतंच. पोती आमच्या कॉलनीच्या फाटकापाशीही होती. त्या पोत्यांच्या अलीकडे, क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी दर रविवारी कुणाच्या तरी पाठीत सुरा खुपसत होते. मला त्याची लाजबीज काही वाटत नाही.

आम्ही मिरजेकडचे. नवरा हवाई दलात, सामानाची विमानं घेऊन लेहला जायचा. मुलगी नववीत होती. माझं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. शेजारी एक सरदार कुटुंब होतं आणि त्यांचा मुलगा तिच्याच वर्गात. त्याच्या कॅनडातल्या मामाने त्याला एका खेळाची जाडजूड पुस्तकं पाठवली होती. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून दाखवायचं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार. संध्याकाळी बाहेर पडणं बंद झालेलं, क्रिकेट बंद, सिनेमा बंद. दोघांत खेळ रंगेना म्हणून मुलांनी मला ओट्यापासून ओढून आणलं.

गोष्ट मुलगी सांगायची. सरदारांचा मुलगा योद्धा झाला होता, मोठी ढाल, मोठी तलवार. माझ्या वाट्याला चोर आला, कारण चोर व्हायला तो तयार नव्हता. "पीछे से वार करना अच्छा नहीं लगता, आंटी जी," तो म्हणाला. मला बाई अगदी छान वाटलं. समोरून ओरडत धावत जाण्यापेक्षा भिंतीच्या सावलीतून गुपचूप मागे जाऊन उभं राहण्यात मला जास्त अक्कल दिसली. अधिकाऱ्याची बायको म्हणून पंधरा वर्षं पार्ट्यांत हसत उभी राहिलेली बाई मी. कुणाच्या नजरेत न येता खोलीभर फिरायचं कसं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. तो कॅनडाहून येता येता कुठे गेला कोण जाणे. मग मी तंबोल्याचा, म्हणजे हाउजीच्या आकड्यांचा, डबा काढला. हवाई दलात राहून ज्याच्या घरी तंबोला नाही असं कुटुंब मी पाहिलेलं नाही. मेसमधली एक संध्याकाळ त्याच्याशिवाय सरत नसे. त्यातले एक ते वीस आकडे आम्ही एका कापडी पिशवीत घातले. हात घालायचा, आकडा काढायचा, पाहायचा, परत टाकायचा, पिशवी हलवायची. आकडा जितका मोठा तितका वार नेमका. वीस निघाला तर तो वार दुप्पट लागायचा. चोराने मागून केलेला वार एरवीही तिप्पट, म्हणजे चोराच्या हाताला वीस लागला की समोरच्याचं संपलंच.

आता मी गणिताची बाई. बी.एस्सी., बी.एड., लग्नाआधी दोन वर्षं सांगलीत शिकवलेलं. मुलं वीस यावा म्हणून पिशवीवर फुंकर घालायची, डोळे मिटायची. मी त्यांना सांगितलं, फुंकर मारून काही होत नाही. वीस निघण्याची शक्यता वाढवता येत नाही, ती विसांत एकच राहणार. आपल्या हातात एवढंच आहे की पिशवीत हात जास्त वेळा जावा. पुस्तक चाळल्यावर दिसलं की लेव्हल, म्हणजे पायरी, वाढली की योद्ध्याला वार जास्त मिळतात. चोराला नाहीत. मी लगेच जाहीर केलं, "मी योद्धाही होणार. आणि चोरही राहणार."

मुलीने पुस्तक उघडलं आणि नियम वाचून दाखवला. दोन कामं एकदम करायची मुभा त्या खेळात आहे, पण ती बुटक्यांना आणि टोकदार कानवाल्यांना. माणसांना नाही. माणसाला दुसरं काम धरायचं तर पहिलं सोडावं लागतं आणि नवं अगदी पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागतं. नव्यात जुन्याच्या वरची पायरी गाठेपर्यंत जुनं कसब वापरलं तर त्या दिवसाची गुणांची कमाई बुडाली.

"हा कसला नियम?" मी म्हणाले. "तुझ्या पुस्तकवाल्यांनी कधी घर चालवलेलं दिसत नाही."

"आंटी जी, कान लगा लो ना. लंबे वाले," सरदारांचा मुलगा म्हणाला. सोपा उपाय होता. माझ्या चोराला मी दोन ओळींत टोकदार कान लावू शकले असते आणि दोन्ही कामं त्याच दिवशी मिळाली असती. पण माझं डोकं फिरलं होतं. मी माणूसच राहणार, म्हणाले. पहिल्या पायरीपासून तर पहिल्या पायरीपासून.

हट्ट म्हणा. त्याच सुमारास मी तो हट्ट दुसरीकडेही करत होते. पंधरा वर्षांत सहा बदल्या झाल्या, आणि माझं बी.एड. ट्रंकेत राहिलं. चंदीगडमधल्या शाळांनी मला चहा पाजून परत पाठवलं होतं. शेवटी पिंजौरच्या एका शाळेने घेतलं, तेही तात्पुरत्या बाई म्हणून, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलीच्या हाताखाली. सकाळी मनीमाजरापर्यंत एक बस आणि तिथून कालक्याकडे जाणारी दुसरी. पहिल्या दिवशी फळ्याशी उभी राहिले, खडू हातात घेतला आणि मला इतका आनंद झाला की मला काही क्षण वर्गाकडे वळताच येईना. तो आनंद मी कुणाला सांगितला नव्हता. घरी सगळ्यांना वाटायचं की बाईंचा वेळ जातोय.

खेळात माझी फार दैना झाली. योद्धा म्हणून मी कच्ची, चिलखत नवं, आणि जुनं कसब वापरायला बंदी. समोरून लढायचं, मार खायचा, सरदारांच्या मुलाच्या ढालीमागे पळायचं. मुलगी नियमाची पक्की होती, आईला म्हणून एका आकड्याची सूट नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी पायऱ्या चढत राहिले आणि मुलं मला हसत राहिली. नवरा रविवारी घरी असला की वर्तमानपत्राआडून विचारायचा, "काय, आज किती मार खाल्ला?"

मग एका आठवड्यात बसची बातमी आली. आमच्या रस्त्यावरची नव्हे, पंजाबातल्या दुसऱ्याच एका रस्त्यावरची. अतिरेक्यांनी बस थांबवली, हिंदू माणसं निवडून खाली उतरवली आणि गोळ्या घातल्या. अशा बातम्या त्याआधीही आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी कॉलनीत दोन दिवस कुजबुज होऊन थांबायची. या वेळी नवऱ्याने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "सोमवारी जाऊन राजीनामा देऊन ये. तेही माझ्याबरोबर, गाडीने. बसने नाही."

"पिंजौर हरियाणात आहे," मी म्हणाले.

"बसच्या चाकांना हद्द कळत नाही."

"अहो, तुम्ही रोज लेहला जाता. ते डोंगर काय ओळखीचे आहेत का? तुम्हाला कुणी राजीनामा द्या म्हणालं?"

"ते माझं काम आहे."

"हे माझं आहे."

तो आपल्या म्हणण्यावरून हलला नाही. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर त्याला हुकूम देण्यापलीकडे काही सुचायचं नाही. शनिवारी शेजारच्या भाभीजी येऊन तेच सांगून गेल्या. मिरजेहून सासूबाईंचा ट्रंककॉल आला, तोही तोच. सगळ्यांना माझा जीव प्यारा होता. माझा खडू कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

रविवारी आम्ही नेहमीसारखे टेबलाशी बसलो. मी ठरवलं होतं की आज गणित, नोकरी, बस, काही बोलायचं नाही. गोष्टीत एका बुरुजाच्या दारावर एक दगडी राक्षस होता आणि त्याने सरदारांच्या मुलाच्या योद्ध्याला जवळजवळ आडवं केलं होतं. मागच्याच रविवारी मला ती वरची पायरी मिळाली होती. आता मी योद्धाही होते आणि चोरही, नियमाप्रमाणे, कान न लावता. मी सावलीतून राक्षसाच्या मागे गेले. पहिला वार हुकला. योद्धा असल्यामुळे त्याच फेरीत दुसरा मिळाला. पिशवीत हात घातला आणि वीस निघाला.

सरदारांचा मुलगा खुर्चीवरून उठला. तिप्पट आणि वर दुप्पट, तो बोटांवर मोजू लागला. मी मुलीकडे पाहिलं, राक्षस पडला असं तिने म्हणायचं होतं. ती माझ्या तळहातावरच्या आकड्याकडे बघत होती.

"आया ना," ती म्हणाली. "आपने ही कहा था. हाथ डालते रहो तो आ ही जाता है।"

"हो, मग?"

"तो आप रोज़ बस में क्यों जाती हो, आई?"

वर्गात एखादं पोर फळ्यावरची माझी चूक दाखवतं तेव्हा मी हसून दुरुस्त करते. इथे चूक नव्हती. तिने माझंच गणित घेतलं होतं आणि बरोबर सोडवलं होतं. मी म्हणाले, अगं, बसची पिशवी विसाची नसते, लाखाची असते.

"डालती तो हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सरदारांचा मुलगा पुन्हा खाली बसला होता. त्या आठवड्यात बसविषयी कुणी बोललं की तो उठून जायचा, त्या दिवशी उठला नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "मैं चलूँगा आपके साथ, आंटी जी. मैं साथ वाली सीट पे बैठूँगा. पगड़ी देख के आपको कोई नहीं उतारेगा।"

"और वापसी में पोलीसवाले तुझे उतारेंगे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. त्याच्यावर नव्हता, पण ते त्याला कसं कळणार? पंधरा वर्षांच्या पोराला शाळा बुडवून माझ्या बाजूला पगडी घालून बसावंसं वाटत होतं आणि तो जे बोलला ते खरं होतं, आणि त्याच्या वयाच्या शीख पोरांना पोलीस संशयावरून उचलत होते, म्हणजे मी जे बोलले तेही खरं होतं. मला त्या सगळ्या दिवसांची इतकी चीड आली की हातातला आकडा मी भिंतीवर भिरकावला.

नवरा दारात येऊन उभा होता. तिघंही माझ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की त्यांना कारण हवं आहे. चांगलं, मोठं कारण. पिंजौरच्या मुलींची बोर्डाची परीक्षा आहे, त्यांच्याकडे दुसऱ्या गणिताच्या बाई नाहीत, असं काहीतरी. ते दिलं असतं तर नवरा कदाचित निमूट मागे हटला असता. गणवेशवाल्यांना कर्तव्य पटकन कळतं. मी दिलं नाही.

"मला आवडतं म्हणून जाते," मी म्हणाले. "मुलींचं भलं वगैरे काही नाही. फळ्याशी उभी राहिले की मला बरं वाटतं. पंधरा वर्षं मी तुमच्या दोघांची होते, अजूनही आहे, पुढेही राहीन. पण तेवढीच राहणार नाही. आकडा येऊ शकतो, मला माहीत आहे. तरी मी उद्या जाणार."

मुलगी उठून आत गेली. त्या रविवारनंतर तिने मला खेळात घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी मी मनीमाजराची बस पकडली. नवरा त्या दिवशी बोलला नाही आणि पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलला. बदली होईपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, मी पिंजौरला शिकवलं, आणि निघताना तिथली कायमची बाई होते. पुढे सगळीकडे त्याच जोरावर नोकरी मिळाली. बसमध्ये मी भीत होते. कुणी मधेच हात दाखवून बस थांबवली की मी चढणाऱ्याच्या हातांकडे बघायची. भीत भीत गेले, पण गेले.

मला काही झालं नाही. झालं नाही म्हणून मी बरोबर होते असं मी म्हणणार नाही. शक्यता शिकवणारी बाई तसं म्हणूच शकत नाही. काही झालं असतं तरी मी बरोबरच होते. परवा फोनवर कशावरून तरी विषय निघाला तेव्हा मुलीला मी हे पुन्हा सांगितलं. ती आता माझ्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे, आणि मराठीत उत्तर देते.

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि काही झालं असतं, तर हे मला कुणी सांगितलं असतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. ते खरं आहे, आणि तरीही मी गेलेच असते.