सुनेचं मांजर आणि निळा दोरा

माझी धाकटी सून शिवणकाम करते. हात सोन्याचा, जीभ तिखट. तिचं मांजर चार दिवस ओकत होतं. एक्सरेत काही दिसेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अपचन असेल."

"दोरा गिळलाय त्यानं. जीभ उचलून बघा," म्हणत ती हटेचना.

माझा मुलगा वैतागला. "अगं, दुसरं मांजर आणू."

"नवराही दुसरा मिळतो!"

जिभेच्या मुळाशी खरंच निळा दोरा अडकला होता. मुलगा ओढायला गेला, तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "दोरा ओढला की कापडाला चुण्या पडतात. आतडं फाटेल ना!"

डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं. आतडं चुण्या पडून गोळा झालं होतं. दोरा तुकड्यातुकड्यांनी निघाला, मांजर वाचलं.

पोटावरचे टाके निरखून सून डॉक्टरांना म्हणाली, "जरा लांब पडलेत, पण चालतील."