झावळ्या जाळल्या तो मंगळवार

आशीर्वाद दिलेली वस्तू उकिरड्यावर टाकायची नाही, जाळायची किंवा पुरायची. आम्हा कॅथलिक लोकांत हे लहानपणीच शिकवतात. ईस्टरच्या आधी झावळ्यांच्या रविवारी फादर ज्या झावळ्या देतात त्या वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवायच्या आणि चाळीस दिवसांचा उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये परत न्यायच्या. तिथं त्या जाळून तीच राख कपाळाला लावतात. माझं चर्च पुण्यात. गुडघा धरल्यापासून एसटीची पायरी चढवत नव्हती, त्यामुळे तीन वर्षांच्या झावळ्या साठल्या होत्या.

नवरा भाटघर धरणावर कामाला होता. तो गेल्यावर मी धरणाच्या वरच्या वाडीतच राहिले. वाडीत ख्रिस्ती घर माझं एकटीचंच. मला सगळे ‘फादरीण’ म्हणतात, कारण रोज चहा झाला की मी ओट्यावर बसून बायबलातलं त्या दिवसाचं वचन वाचते. चौथी शिकलेली बाई. मनातल्या मनात वाचलं तर डोक्यात शिरत नाही, म्हणून मोठ्यानं वाचते.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी झावळ्या घमेल्यात घालून अंगणात काडी लावली. गॅस आल्यावर चूल मोडली होती, नाहीतर चुलीत घातल्या असत्या. वाळकी झावळी कागदासारखी पेटते. वारा सुटला आणि एक जळतं पातं उडून कुंपणापलीकडं गवतात पडलं. मी पायानं विझवायला धावले, पण गुडघा वळेना. पोचेपर्यंत गवतानं पेट घेतला आणि आग डोंगराला लागली.

वर धनगराचं घर आहे. माझ्याच वयाची विधवा आणि तिचा लेक. लेक शेरडं घेऊन माथ्यावर गेला होता, ती बाजारात. शेरडांची पिल्लं घरामागच्या कुंपणाच्या वाडग्यात पालथ्या डालग्याखाली कोंडलेली. मी बोंब मारली. वाडीतली माणसं हिरव्या डहाळ्या तोडून आगीवर मारू लागली. धुरातून पिल्लांचं ओरडणं ऐकू येत होतं. मला ‘नमो मारिया’सुद्धा आठवेना. एवढ्या वर्षांची प्रार्थना, पहिल्या शब्दापुढं जाईना. कुणीतरी डालगं उलथून पिल्लं बाहेर काढली. आग विझेपर्यंत वाडग्याची एक बाजू आणि रचलेली वैरण जळाली.

मी घरी येऊन घमेल्यावर पोतं टाकलं.

ऊन कलायच्या आत वनखात्याचा गार्ड आला. नवं गवत फुटावं म्हणून डोंगर पेटवायची खोड इकडं जुनी आहे, म्हणून त्यानं बाजारातनं परतलेल्या धनगरणीलाच सरळ धरलं.

“तुमच्या पोरानं लावली. दरवर्षीचंच आहे तुमचं.”

“आवं सायेब, सोताच्या वाडग्याला कोन आग लावंल?”

“वारा फिरला असेल.” मग तो जमलेल्या माणसांतनं माझ्याकडं वळला. “आजी, तुम्ही इथंच होता. कुणी लावली?”

“मला काय म्हाईत?” मी म्हणाले.

त्यानं वहीत तिच्या लेकाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला खाली चौकीवर बोलावलं.

दरवर्षी प्रभूला धरून नेल्याचं वचन येतं तेव्हा मी संत पेत्राला नावं ठेवायची. प्रभूचाच शिष्य आणि शेकोटीपाशी उभा राहून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो, काय हा माणूस! आता कळलं. भ्यालं की तोंड आपोआप बोलतं. मला पोलिसांची भीती होती. त्याहून मोठी भीती ही की ख्रिस्ती बाईनं देवाच्या नावानं डोंगर जाळला असं होईल. मग या वयात मी कुठं जाऊ?

बुधवारी सकाळी वचन वाचलं, पण कुजबुजत. प्रभू सांगतो, दानधर्म गुपचूप करा, खोलीचं दार लावून प्रार्थना करा. मला बरंच वाटलं. म्हटलं, देवच गुपचूप म्हणतोय तर मीही गुपचूप पश्चात्ताप करते, चाळीस दिवस उपास धरते, झालं. चहाचा कप धुताना लक्षात आलं की तिथं चांगलं काम लपवायला सांगितलंय. वाईट काम लपवा असं कुठंच लिहिलेलं नाही. पुस्तक पुन्हा उघडून बघितलं. नव्हतंच.

काठी टेकत, बसत उठत वर चढून गेले. धनगरीण जळक्या वैरणीतनं चांगल्या काड्या वेचत होती.

“काय गं फादरीण, आज वाचलं न्हाईस?”

“वाचलं. आग माझ्या हातनं लागली. झावळ्या जाळत व्हते.”

तिच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. “माझी करडं मेली असती की गं, भवाने! आन काल त्यो इचारत व्हता तवा जीब झडली व्हती तुजी?”

“भ्याले.”

“मग म्या काय नाचत व्हते? पोरगं राती जेवलं न्हाई. चल खाली, चौकीवर!”

तिनं माझा दंड धरला तो चौकीपर्यंत सोडला नाही. गुडघ्याचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. लेक आधीच जाऊन बाकड्यावर बसला होता.

मी गार्डला सांगितलं. त्यानं विचारलं, “काय जाळत होता?”

“देवाच्या झावळ्या.”

“कचरा लिहितो.”

“कचरा न्हाई. झावळ्या लिवा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि झावळ्या लिहिलं. मग म्हणाला, “बोलावणं येईल, आजी. यावं लागेल.” सही करताना माझं अक्षर ओळीबाहेर गेलं.

धनगरीण वहीवर वाकून बघत होती. तिला वाचता येत नाही. गार्डावर तिचा विश्वास नव्हता. माझ्यावर तरी का असावा? पण तिनं माझा दंड हलवला.

“माज्या पोराचं नाव खोडलंय का बघ. नीट बघ.”

मी बोट ठेवून ओळ मोठ्यानं वाचली. लेकाच्या नावावर दोन रेघा होत्या आणि खाली माझं नाव होतं.

“खोडलंय,” मी म्हणाले.

तेव्हा तिनं दंड सोडला.