दातांचे डॉक्टर आणि पाळीव कीड

‘कीड’ हा शब्द उच्चारताना दातांच्या डॉक्टरांचा चेहरा जसा खुलायचा, तसा तो लग्नाच्या फोटोतही खुललेला नाही. उभा जन्म लोकांच्या दाढा कोरण्यात गेला, त्यामुळे नळाची तोटी, चपलेचा तळ, बायकोचं कपाट, जे दिसेल ते त्यांना किडकंच वाटे. हातात ब्रश नसला की बोटं शिवशिवत.

घरातल्याच दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बायकोने हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. आत प्रवाळाचे खडक आणि एकच मासा. बोटाएवढा, निळ्याशार अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, जणू बँडमास्तरचा कोट घालूनच जन्माला आलेला. पोहायचा कंटाळा, पोटाखालच्या परांवर खडकांवरून रांगल्यासारखा फिरायचा आणि दिवसभर टोचे मारत राहायचा.

डॉक्टरांनी दर रविवारी ते खडक बाहेर काढून दाढांसारखे घासायला घेतले. खडक चकाचक झाले आणि माशाचं पोट खपाटीला गेलं. महागातलं सुकं खाणं टाकलं, तर रुसलेल्या जावयासारखं तोंड फिरवून बसला.

“अहो, मरतोय तो,” बायको टाकीपाशी वाकून म्हणाली. “दुकानदाराने बजावलं होतं, हा सुकं खात नाही.”

“मग काय, पंगत वाढू?”

“खडकांवर बारीक किडे असतात. दिवसभर तेच टिपून जगतो तो. तुम्ही ते घासून गटारात सोडलेत!”

“म्हणजे याला... कीड हवी?”

“हो. आणि या घरात ती औषधालाही ठेवली नाहीत तुम्ही.”

डॉक्टर दुकानात गेले आणि चोरट्यासारखे कोटाखाली लपवून जिवंत किड्यांची बाटली घेऊन आले. ती टाकीत ओतताना त्यांचं तोंड कारल्यासारखं झालं होतं. पुढचे कित्येक रविवार त्यांनी दोन्ही हात खिशात कोंबून काढले. खडकांवर शेवाळ चढलं, शेवाळात वळवळ वाढली, आणि मासा हळूहळू गुटगुटीत दिसू लागला.

एकदा दाढ धरून बसलेल्या मुख्याध्यापिका किंचाळल्या, “डॉक्टर, या टाकीत काहीतरी वळवळतंय!”

“कीड आहे. मीच पाळलीय.”

“दातांच्या दवाखान्यात? आत्ताच्या आत्ता साफ करा, नाहीतर मी चालले!”

डॉक्टरांचा हात सवयीने ब्रशकडे गेला. मासा खडकावर टोचा मारत होता.

“बाई, याची जेवायची वेळ आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही निघा.”

बाई दाढेसकट तरातरा बाहेर पडल्या.

“अहो, अख्ख्या शाळेला सांगतील त्या!” बायको आतून धावत आली.

“सांगू दे गं,” डॉक्टर काचेला नाक लावत म्हणाले. “तू पोट बघ त्याचं!”