दयाचा मेजर विषय

देवळाली प्रवरात आठवडाभर एकच बातमी फिरत होती: दानीएल सरांच्या लेकीनं, दयानं, डॉक्टरकीचा नाद सोडला. बातमी उठवली शेजारच्या लंकाबाईनं, कारण तिनं पोरीला सायबर कॅफेत बी.एस्सी.चा फॉर्म भरताना पाहिलं. खरी गोष्ट एवढीच, की डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेत दुसऱ्यांदा मार्क कमी पडले होते, तिसरी खेप पुढच्या मे महिन्यात होती आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून दया कॉलेजात नाव घालत होती. नाद सुटला नव्हता. दोन घास जेवण तेवढं सुटलं होतं.

घोडं अडलं मेजर, म्हणजे मुख्य विषयावर. सकाळी प्राणिशास्त्र, दुपारी वनस्पतिशास्त्र, चहानंतर रसायनशास्त्र. एकदा घेतलेला विषय म्हणजे पुढची तीन वर्षं, आणि त्यातूनच नीटचा अभ्यास. चुकला तर तिसरी खेपही गेली.

"ताई, दाबा की सबमिट," कॅफेवाला गहिनीनाथ म्हणाला. "तुमचा एक फॉर्म होईस्तोवर माझी सहा आधार कार्डं निघाली."

"मुदत कधीपर्यंत आहे?"

"सोमवारपर्यंत हाय. माझा धीर न्हाई तवर टिकायचा."

दया उठून बाहेर गेली, रस्ता ओलांडला आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसली. फॉर्म तसाच ठेवून घरी गेली.

घरी सरांचं कधीच ठरलं होतं. डॉक्टर व्हायचं तर प्राणिशास्त्र, त्यात विचारायचं काय? चर्चमध्ये दर रविवारी लोक उभं राहून प्रार्थनेचे विषय सांगतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली. त्या रविवारी सर उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या दयाला प्राणिशास्त्र मिळावं म्हणून."

सगळ्या मंडळीनं डोळे मिटले. दयानं मात्र उघडेच ठेवले. बाहेर पडताना चौघींनी तिचा हात धरून सांगितलं, आता काळजी करू नको, प्राणिशास्त्र मिळालंच समज. दयानं चपला पायात न घालताच फाटक गाठलं.

सोमवारी तिनं नीटचे दोन्ही निकाल पुढ्यात घेतले. जीवशास्त्रात तीनशे साठपैकी तीनशेच्या वर, दोन्ही वेळा. रसायनशास्त्रात एकशे ऐंशीपैकी एकदा बासष्ट, एकदा अठ्ठावन्न. त्या दोन आकड्यांखाली तिनं रेघ ओढली. मग सायबर कॅफेत गेली, रसायनशास्त्र निवडलं आणि गहिनीनाथनं तोंड उघडायच्या आत बटण दाबलं.

सरांनी पावती दोनदा वाचली. "अख्ख्या मंडळीनं प्राणिशास्त्रासाठी प्रार्थना केली, दया. आता येत्या रविवारी मी उभा राहून काय सांगू?"

दया ताटावर बसली होती. भाकरी मोडत म्हणाली, "सांगा, की जे पोरीला येत होतं त्याच्यासाठी तुम्ही प्रार्थना केलीत. जे येत नाही ते ती शिकायला गेली."