एक जुलैच्या पोरी

आमच्या आश्रमशाळेच्या पोरी फुटबॉलच्या जिल्हा स्पर्धेत अंतिम सामन्यात पोचल्या, तेव्हा पहिला संशय मलाच आला. मी तिथला कारकून. आमच्या मैदानात गोटे, गोलचे खांब बांबूचे. अशी शाळा गडचांदूरच्या बूटवाल्या संघाला तीन गोलांनी हरवते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

संध्याकाळी अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली. यादी माझ्यापुढे धरली.

"बाबूजी, अकरातल्या नऊ पोरी एक जुलैच्या? एकाच दिवशी एवढ्या बाया बाळंत झाल्या काय तुमच्याकडं? अन् हे गोलकीपर तं मास्तरीण दिसून राह्यली."

यादीतल्या तारखा माझ्याच दाखलखारिज रजिस्टरातल्या. नाव घालायला आलेली माय "धानाच्या रोवणीत झाली" म्हणाली, की मी एक जुलै लिहून मोकळा. माझा स्वतःचा वाढदिवसही एका गुरुजींनी तसाच ठरवलेला.

स्पर्धेच्या साहेबांनी सांगितलं, उद्या सामन्याआधी गोलकीपरच्या वयाचा दुसरा पुरावा आणा, नाहीतर संघ बाद.

पोरगी एवढंच म्हणाली, "बाबूजी, मी मोठी नाई. उंच आहो."

मी मान डोलावली, पण जेवताना तिच्याकडे चोरून पाहत राहिलो. घरी फोन केला, तर बायको म्हणाली, "तिच्यावर काऊन शक घेता? लिवलं कोणं?"

रात्रीच निरोप धाडला होता; सकाळच्या पहिल्या एसटीने पोरीची माय आली. तांदळाच्या डब्यात जपलेलं लसीकरणाचं कार्ड तिने साहेबांपुढे ठेवलं. जन्म नोव्हेंबरचा. पोरगी माझ्या कागदापेक्षा चार महिन्यांनी लहान निघाली.

माय माझ्याकडे वळली. "बाबू, म्या धानाची कापणी सांगतली होती. तुमी रोवणी लिवली."

"ऐकण्यात चुकलं असंल, बाई."

"ऐकलंच कुठी? तुमी चहा पिऊन राह्यले होते."

सामना पेनल्टीवर गेला. त्या उंच पोरीने दोन अडवल्या आणि आम्ही जिंकलो. प्रशिक्षकाने माझा हात हातात घेतला, नजर मात्र तिच्या उंचीवरच.

मैदानातच मी विभागीय स्पर्धेचे अर्ज भरायला बसलो. ती माय शेजारी येऊन बसली. दर तारखेला माझ्या पेनाकडे पाही. चहा आला, तेव्हा तिने कप स्वतःकडे ओढून घेतला.

"आधी लिवा," म्हणाली.