मावशीचा कुकर

"आधी खा, मग बोलू."

माझ्या नगरच्या ऑफिसात मावशी पहिल्यांदा आली, तेव्हा तिने नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही, कामही सांगितलं नाही. डाव्या हाताने पिशवीतून डबा काढला, माझ्यासमोरच्या फायलीवरच ठेवला, झाकण उघडलं आणि एवढंच म्हणाली. डब्यात बेसनाचे लाडू होते. मी वकील आहे. माझ्याकडे पक्षकार रडत येतात, चिडून येतात, कधी नुसतेच गप्प बसतात. लाडू घेऊन आलेली ही पहिलीच. मी खाईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग उजव्या हातावरचा पदर बाजूला केला. कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी गुलाबी, ताणलेली होती.

"कुकर फुटला," ती म्हणाली.

तिच्याबरोबर तिची सून होती. ती हळूच म्हणाली, "मानेवर बी भाजलंय. दाखवत न्हाईत."

"मानेचं काय दाखवायचं? मानेनं का सैपाक करत्यात?" असं म्हणून मावशी मोठ्याने हसली. बाहेर बाकावर बसलेले माझे दोन पक्षकार वाकून आत बघू लागले.

सगळेच तिला मावशी म्हणायचे. ती कोल्हारची. लग्नाचा, साखरपुड्याचा, डोहाळजेवणाचा स्वयंपाक करायची. नवरा लवकर गेला, तेव्हा चुलीवर दुसऱ्यांसाठी भाकरी थापून तिने सुरुवात केली होती आणि पुढे राहात्यापासून सोनईपर्यंत तिचं नाव झालं. तारीख काढायला भटजीकडे जायच्या आधी लोक मावशीला विचारतात, असं तिची सून सांगायची. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण तिच्या हातची आमटी खाल्लेल्या कुणी ते नाकारलेलं मी ऐकलं नाही.

छोट्या कार्यक्रमांसाठी तिने राहात्याच्या एका दुकानातून मोठा कुकर घेतला. नवाकोरा. तो एका साखरपुड्यात शेगडीवर असताना फुटला. झाकण उडून मांडवाच्या कापडात अडकलं आणि उकळती डाळ हातावर, मानेवर आली. लोक धावले, कुणी गाडी काढली, कुणी हळद आणली. मावशी नळाखाली हात धरून सुनेला सांगत होती, "भात लाव. पाव्हनं उपाशी जायला नको."

हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं.

"सोनईच्या एका घरी दोन लग्नं मीच केली हुती," ती म्हणाली. "तिसऱ्याला त्यांनी दुसरा आचारी बोलावला. मला कळलं, त्या घरच्या बाई म्हनल्या, मावशीचा हात आता राह्यला न्हाई, ध्यान न्हाई राहत तिचं."

ते सांगताना मात्र ती हसली नाही. भाजल्याचं दुःख तिने माझ्यासमोर कधी काढलं नाही. हे मात्र पुन्हा पुन्हा काढलं.

कुकर बनवणाऱ्या कंपनीला आम्ही नोटीस पाठवली. उत्तर आलं की कुकरात दोष नव्हता, बाईंनी डाळ जास्त घातली, शिट्टी चोंदली, वापर निष्काळजीपणाचा. मी ते तिला मराठीत समजावून सांगितलं. 'निष्काळजी' हा शब्द तिने मला परत म्हणायला लावला.

"म्हंजे सोनईच्या बाई बोलल्या त्येच," ती म्हणाली. "फकस्त टाईप करून."

दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याच्या स्वतःच्या लग्नात मावशीची बुंदी होती. तो तिच्या घरी गेला आणि म्हणाला, "मावशी, फुटका कुकर मला द्या, नवा घेऊन जा. वर कंपनीकडून थोडंफार मिळवून देतो. कशाला कोर्टकचेरी?"

मावशीने त्याला चहा दिला, भजी दिली आणि कुकर दिला नाही. "नवा घेऊन काय करू? लोकं म्हनतील, हिला चूक मान्य हाय."

तो फुटका कुकर ती जीव लावून सांभाळत होती. जिल्हा ग्राहक आयोगात आमची तक्रार दाखल झाली आणि वस्तू तपासणीला पाठवायची म्हणून ती हजर करायची वेळ आली. मी म्हटलं, गाडी करून आणा. तिने तो जुन्या लुगड्यात बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. राहुरीच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "मावशी, एवढं मोठं गाठोडं. लगेजचं तिकीट घ्यावं लागंल."

"लगेज न्हाई त्ये. साक्षीदार हाय माझा."

"मग साक्षीदाराचं तिकीट घ्या," कंडक्टर म्हणाला. सगळी गाडी हसली आणि नगर येईपर्यंत प्रत्येकाला साक्षीदार उघडून बघायचा होता. मावशीने तो सगळ्यांना दाखवला. मी आयोगाच्या दारात वाट बघत उभी होते, तर मावशीमागे पाचसहा माणसं कुकर कुठे जमा होतो ते बघायला आलेली.

आता तुम्ही म्हणाल, अशी बाई समोर असली की केस जिंकल्यातच जमा. मलाही तसंच वाटायचं, त्या एका सुनावणीपर्यंत.

अशी प्रकरणं बहुतेक कागदांवरच चालतात. पण त्या दिवशी कंपनीच्या वकिलाने परवानगी मागून तिला थोडे प्रश्न विचारले. तो तरुण होता, पुण्याहून आला होता आणि उपाशी होता. हे मला ठाऊक होतं, कारण सकाळी व्हरांड्यात मावशीने त्यालाही डबा पुढे केला होता. तो कोणाच्या बाजूचा आहे, ते मी तिला खुणेने सांगितलं होतं. "असंना. आईनं उपाशी पाठवलंय त्याला," ती म्हणाली. त्याने दोन लाडू खाल्ले आणि आत येऊन तिला विचारलं, "कुकरमध्ये डाळ किती घातली होती?"

"अर्ध्याच्या खाली."

"मोजून घातली होती का?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्ही अंदाजाने घालता?"

"व्हय. मघाशी लाडू खाल्ला, त्यातली साखर बी मोजली न्हवती. तवा तुमी न्हाई इचारलं."

आयोगाच्या अध्यक्षांनी हसू लपवायला खाली मान घातली. तो वकीलही हसला. मी मात्र हसले नाही. तिने मोजलं नव्हतं, हे तिच्याच तोंडून नोंदलं गेलं होतं आणि कंपनीला नेमकं तेच हवं होतं. बाहेर आल्यावर मी तिला समजावलं. तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. सून म्हणाली, "आत्या, तुमी खोटं बोलला असता तर?"

"आन मग जित्ती कशी राहू?" मावशी म्हणाली. त्या दिवशी ती रिकामा डबा माझ्याकडेच विसरून गेली.

पुढचे महिने वाट बघण्यात गेले. मावशी डाव्या हाताने झारा धरायला शिकली. तळणीत हात कसा वळवायचा ते सुनेला सांगता सांगता तिची चिडचिड व्हायची, मग ती स्वतःवरच हसायची. "माझा डावा हात नवी नवरी हाय," म्हणायची. "लाजतोय अजून."

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. कुकरच्या झाकणात एक सुरक्षा झडप असते. शिट्टी चोंदली, डाळ जास्त झाली, आणखी काही चुकलं, तरी वाफ कोंडली की ती झडप आपोआप उघडायला हवी. ती असते त्याचसाठी. या कुकरची झडप बनवतानाच सदोष राहिली होती, ती उघडणं शक्यच नव्हतं. डाळ मोजली की नाही, याला आता काही अर्थ उरला नव्हता. कंपनीच्या वकिलाने अहवाल वाचला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, आता मी काय बोलू?" मग इकडेतिकडे बघत विचारलं, "मावशी आल्यात का आज?"

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने भरपाई आणि दवाखान्याचा खर्च द्यायचा होता. मी रक्कम सांगायला लागले, तर मावशीने मला थांबवलं.

"माझ्याबद्दल काय लिवलंय त्ये वाचा."

मी वाचलं: तक्रारदार यांच्याकडून कोणताही निष्काळजीपणा झाल्याचे दिसून येत नाही.

"आनखी एकदा वाचा."

मी वाचलं. सून डोळ्यांना पदर लावून उभी होती. मावशी म्हणाली, "रडती काय? पाठ कर. सोनईला सांगायचंय."

सोनईला सांगायची वेळच आली नाही. बातमी आपल्या पायांनी तिकडे गेली. थोड्याच दिवसांत त्या घरच्या बाई स्वतः कोल्हारला आल्या. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या दारातच म्हणाल्या, "मावशी, माझ्या तोंडून वंगाळ गेलं." मावशीने त्यांना आत घेतलं, पुढे ताट ठेवलं आणि तो विषय तिथेच मिटला. भरपाईतून तिने मोठमोठी पातेली घेतली. कुकर घेतला नाही. "डाळीला घाई न्हाई, मला बी न्हाई," म्हणायची.

मावशी आता नाही. दोन वर्षांपूर्वी थोड्याशा आजाराने गेली. तिचं काम सून बघते आणि चांगलं बघते. मला मात्र मावशी आठवते ती सोनईच्या त्या मांडवातली. मीही गेले होते लग्नाला. जेवणाच्या पंगती चालू होत्या आणि माईकवर नेहमीसारखे सत्कार चालले होते. सरपंच झाले, पतसंस्थेचे चेअरमन झाले, कुठले कुठले पाहुणे झाले. मग घरच्या बाईंनी माईकवाल्याच्या कानात काही सांगितलं आणि मावशीला स्टेजवर बोलावलं. ती आली ती हातात झारा घेऊनच. उजव्या हातात. त्यांनी तिला शाल घातली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. मावशीने माईक धरला, पंगतीकडे एकदा नजर टाकली, काही पाहुणे पानावरून उठू लागले होते ते पाहिलं आणि म्हणाली, "बुंदी लई हाय. कुनी लाजू नका."

उठलेली माणसं हसत हसत परत पानावर बसली.