हिरवी चिठ्ठी

सृष्टी घडत असताना माझ्या बायकोचे मामा ब्रह्मदेवाच्या शेजारी उभे असते, तर आज आकाशात चंद्र नसता. त्यावरचे खड्डे बघून त्यांनी तो तिथल्या तिथे परत पाठवला असता आणि वर विचारलं असतं, "हे असं बाहेर सोडायला निघाला होतात?" मामा पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा आणि तीनपैकी एक चिठ्ठी बांधून घेऊन जायचा. लाल म्हणजे नापास, हिरवी म्हणजे पास आणि पिवळी म्हणजे 'मापात नाही, पण चालवून घ्या.' निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या या डोंगराळ गावात, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले. इतर लोक येताना लोणची आणि मसाले आणतात. मामांच्या बॅगेतून त्या तीन रंगांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे निघाले आणि मापं घ्यायचा एक जुना व्हर्नियर निघाला. दसऱ्याला बाकीची मराठी मंडळी आपापल्या गाड्यांना झेंडूची माळ घालत, तेव्हा मामा त्या व्हर्नियरला हळदकुंकू वाहत.

त्यांच्या हातातून काही सुटलं नाही. भारतीय दुकान आमच्याकडे दूर, तिथे महिन्यातून एकदा जाणं व्हायचं, आणि गेलो की मामा भेंडीच्या ढिगासमोर उभे राहून एकेका भेंडीचं टोक मोडून बघत. दुकानदाराने हात जोडले तरी त्यांचं चालूच. डॉक्टरने रक्तदाब घेतला तर त्यालाच विचारलं, की तुमचं हे यंत्र शेवटचं कधी तपासलंत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा घ्यायच्या आधी त्यांनी जिना मोजला. सहावी पायरी पाव इंच उंच निघाली. तिच्या कठड्याला त्यांनी लाल चिठ्ठी बांधली, ती अजून तिथे आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याविषयी विचारतो. गणपतीत एका काकूंनी मोठ्या हौसेने उकडीचे मोदक केले होते. मामांनी एक उचलला, फिरवून फिरवून कळ्या मोजल्या आणि ताटाला मुकाट्याने पिवळी चिठ्ठी लावून ठेवली. त्या काकू पुढे दोन वर्षं आमच्याशीसुद्धा बोलत नव्हत्या.

मोदकांचं काय घेऊन बसलात, मी स्वतः पिवळ्या चिठ्ठीचा माणूस आहे. लग्न ठरवायला मी सासुरवाडीला कांदेपोहे खायला गेलो, तेव्हा मामा मला गॅलरीत घेऊन गेले. तपासणीत गो आणि नो-गो असे दोन गेज, म्हणजे मापाचे ठोकळे, असतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. भोक बरोबर मापाचं असेल तर पहिला गेज आत जायला हवा आणि दुसरा जायला नको. मामांनी आधी विचारलं, "पोहे कसे झालेत?" मी खरं सांगितलं, की मीठ जास्त झालंय. मामा खूश झाले. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुमच्या एखाद्या जिवलग मित्राची काही भानगड वगैरे?" होणाऱ्या मामेसासऱ्यांना नाराज कशाला करा, म्हणून मी माझ्या रूममेटची सगळी भानगड, त्या मुलीच्या नावासकट, सांगून मोकळा झालो. आत जाऊन मामांनी निकाल दिला, "पहिला गेज गेला. पण दुसराही गेला." लग्न झालं खरं, पण आहेराच्या पाकिटातून पिवळी चिठ्ठी निघाली. त्यानंतर दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. भाचीशी दोन शब्द बोलून ते मला मागायचे आणि विचारायचे, "तब्येत? नोकरी? झोप लागते ना?" हा माणूस जन्मभर माझ्यावर पाळत ठेवणार, असं समजून मी वर्षानुवर्षं मनातून चडफडत असे.

अशा माणसाची मला एक दिवस आपणहून गरज पडेल असं वाटलं नव्हतं. पण पडली, ती आमच्या लेकीपायी. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि इथल्याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. वाढली ती या गावात, जिथे हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो त्या दिवशी शाळांनाही सुट्टी असायची. तिने शिकारीतल्या सुरक्षेचा कोर्स केला, परवाना काढला, तेव्हाच माझी झोप उडाली होती, आणि मग एका संध्याकाळी जेवताना सांगितलं, की तिच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधला एक म्हातारा आपली जुनी रायफल तिला देतोय आणि बदल्यात तिची वल्ह्याची छोटी होडी, कयाक, घेतोय. म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते. डोंगर चढवत नव्हता, आता बसल्या बसल्या तळ्यात फिरावं असा त्याचा विचार. रायफल त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्याहून वयाने मोठी. मला सगळ्याचीच भीती वाटत होती. ती जुनी नळी तिच्या तोंडाशी फुटेल याची, दुसऱ्या कुणाची गोळी तिला लागेल याची, त्या जंगलात कुणी तिला "तू इथे कशी?" असं विचारेल याची. "बाबा, प्लीज. एव्हरीबडी डझ इट हिअर," ती म्हणाली. मी नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं. तेव्हा मला मामा आठवले. ज्या माणसाने कधी भेंडी पास केली नाही तो बंदूक कशी पास करील? मी साळसूदपणे म्हटलं, "घे, पण आधी मामाआजोबांना दाखव. ते म्हणतील ते मला मान्य." लेक आनंदाने उडालीच, कारण मामाआजोबांवर तिचा फार जीव. आणि मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये हजर झालो. त्याने काम करायच्या टेबलावर घडी केलेलं ब्लँकेट अंथरून त्यावर रायफल ठेवली होती. दाढी केली होती, कॉफी आणि बिस्किटं मांडली होती, आणि तो इतक्या धास्तीने मामांकडे बघत होता की मला माझे कांदेपोहे आठवले. मामांनी कॉफीला हात लावला नाही. दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा जो दांडा असतो, ज्याला बोल्ट म्हणतात, तो त्यांनी मागे ओढला आणि आत गोळी नाही ना ते बघितलं. मग करंगळी घालून बघितलं. मग आम्हा प्रत्येकाला बघायला लावलं, म्हाताऱ्यालासुद्धा. बोल्टवरचा आकडा आणि रायफलवरचा आकडा एकच आहे ना, ते वाचून घेतलं. एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकातून नळीच्या आत एवढा वेळ बघितलं, की मला वाटलं ते तिकडे पलीकडे कुणाशी तरी बोलतायत. नळीचं तोंड भिंगाखाली घातलं. लाकडी दस्त्यावर बोटं फिरवली, खालची पट्टी काढून तिच्यामागे गंज शोधला. तो सापडला, नखाएवढा. माझ्या जिवात जीव आला. "पुसून निघेल," मामा म्हणाले आणि तेलाचं फडकं मागितलं. मग सेफ्टीची कळ लावून घोडा ओढला, हलवला, बोल्टच्या मुठीवर हळूच थाप मारली. काही सुटलं नाही. दोन तास झाले होते.

शेवटी म्हाताऱ्याने बंदुकीच्या दुकानातून मागून आणलेली एक छोटी डबी पुढे केली. मामांनी ती उघडली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसं परदेशात गावचं माणूस भेटावं. आत गो आणि नो-गो होते. काडतूस बसतं ती जागा झिजून मोठी झाली असेल तर गोळी उडताना धोका असतो, ते या दोघांवरून कळतं. पहिला गेज ठेवला, बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा बंद झाला. दुसरा ठेवला. हा बंद झाला की रायफल नापास. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो, बंद हो बाबा, बंद हो. बोल्ट अर्ध्यावर अडला. मामांनी पाच वेळा केलं, पाचही वेळा अडला. "जरा बाहेर येता का, मामा?" मी म्हटलं.

बाहेर अंगणात ओकची पानं पडली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, की मला भीती वाटते, झोप येत नाही, माझी एकुलती एक पोर आहे. "काहीतरी खोट काढा ना, मामा. ती फक्त तुमचं ऐकेल. कुणाला कळणार आहे?" मामांनी चष्मा काढला, धोतराची सवय असलेल्या माणसासारखा तो स्वेटरच्या टोकाला पुसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, पुन्हा गेला की तुमच्यात दुसरा गेज." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घाबरा," ते म्हणाले, "घाबरण्यात काही चूक नाही. पण ते पोरीला तुमच्या तोंडाने सांगा. त्या बिचाऱ्या रायफलच्या अंगावर कशाला घालता? चांगल्या मालाला नापास म्हणण्यासारखं पाप नाही." मग आत जाऊन त्यांनी खिशातून हिरव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. तो वापरायला काढलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. न वापरल्यामुळे त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. 'तपासले. ठीक.' असं लिहून त्यांनी खाली सही केली आणि चिठ्ठी घोड्याच्या कडीला बांधली. म्हाताऱ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्याने डोळे पुसले. घरी येताना गाडीत मी लेकीला सगळं सांगितलं, बाहेर काय मागितलं तेसुद्धा. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय नो, बाबा. यू आर अ टेरिबल लायर. पण मी केअरफुल राहीन. प्रॉमिस."

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मोसम सुरू झाला आणि ती शिकाऱ्यांचं नारिंगी जॅकेट घालून मैत्रिणींबरोबर गेली. सकाळी आठला दारावर टकटक झाली. मामा. मला वाटलं, आपला निर्णय किती बरोबर ते ऐकवायला आलेत. पण त्यांना खुर्चीत बसवेना. बायकोने केलेला उपमा तसाच राहिला. लांब डोंगरात ठो आवाज झाला की ते उठून खिडकीशी जायचे. शेवटी मी न राहवून म्हटलं, "मामा, तुम्हीच तर पास केलीत ना?"

"म्हणून तर," मामा म्हणाले. "नापास माल परत जातो. त्याची काळजी तिथे संपते. पास केलेला माल बाहेर जातो, जावईबापू. खरी काळजी तेव्हा सुरू होते." मग जिन्याकडे बघत त्यांनी सांगितलं, की कारखान्यात एकदा त्यांची हिरवी चिठ्ठी असलेला एक हुक तुटला होता. माणूस वाचला, पण त्याची दोन बोटं गेली. मामा पुढे सहा वर्षं दर रविवारी त्याच्या घरी जाऊन येत. मला तेव्हा कुठे माझे रविवारचे फोन उमगले. पिवळी असो की हिरवी, या माणसाने मला एकदा बाहेर सोडलं होतं आणि त्या दिवसापासून तो माझ्यासाठी जागा होता. एवढी वर्षं मी मनातून चिडलो याची मला फार लाज वाटली.

लेक दुपारी तीनला आली. गोळी झाडलीच नव्हती. एक हरणी समोर येऊन उभी राहिली, तिच्या श्वासाची वाफ दिसत होती, आणि ही नुसती बघत बसली. मामांनी रायफलकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी बोटं मोजली. दहा भरली. मग म्हणाले, "आता उपमा द्या."

पुढे मामांच्या मुलाची बदली मॉरिसव्हिलला झाली आणि मामा तिकडे गेले. लेक नोकरीसाठी सांता क्लाराला गेली. रायफल कुलपाच्या कपाटात आमच्याकडे राहिली, हिरव्या चिठ्ठीसकट. तिला तेलपाणी करायचं काम, गंमत बघा, माझ्याकडे आलं. दर रविवारी दहाला मामांचा फोन येतो. त्यांना आता फारसं दिसत नाही, म्हणून मी रिकाम्या रायफलजवळ फोन धरतो आणि बोल्ट बंद करतो. खट् आवाज होतो. "हां. राहू दे चिठ्ठी," मामा म्हणतात. मग तब्येत, नोकरी, झोप. अलीकडे त्यांना माणसांचीही सरमिसळ होते. मधूनच मला ते आपला धाकटा भाऊ समजतात, जो जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी काही त्यांना दुरुस्त करत नाही.

गेल्या रविवारी खट् ऐकून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी राहू दिली. मग म्हणाले, "अरे, एक विचारायचं राहिलंच. आपल्या भाचीला तो मुलगा केला ना, तो कसा निघाला रे?"

मी बायकोकडे बघितलं. ती गॅसपाशी पाठमोरी उभी होती.

"ठीक निघाला," मी म्हटलं.

"टिकला?"

"टिकला. तीस वर्षं झाली."

"मग चुकलंच माझं," मामा म्हणाले. "पोरगा घाबरट होता नुसता. मी त्याला पिवळी बांधली. हिरवी द्यायला हवी होती. तुला भेटला तर सांगशील त्याला?"

"सांगतो," मी म्हटलं.

"आणि झोप लागते ना त्याला?"

"लागते, मामा," मी म्हटलं.